पाँडिचेरीत केलेली नक्कल

त्या वर्षी गावी, जानेफळला, आमच्या काकांनी उभी कपाशी नांगरून टाकली. बीटी बियाणं होतं, अळी लागणार नाही म्हणून घेतलेलं. बोंड फोडलं की आत गुलाबी अळी. चुलतभाऊ रिकामा झाला. मी पुण्यात शिकत होतो. पाठीवर सॅक टाकून दक्षिणेत फिरायला निघालो, तेव्हा त्यालाही सोबत घेतलं.

महाबलीपुरमला त्यानं पहिल्यांदा समुद्र पाहिला. ओली वाळू तळहातावर चोळली अन म्हणाला, "एवढं पानी, अन कामाचं नाही बे."

तिथेच पुण्याचे चौघे भेटले, दोन मुली, दोन मुलं. पाँडिचेरीपर्यंत एकत्रच गेलो. फ्रेंचांच्या पिवळ्या भिंतींच्या गल्ल्यांमधून चालताना भावानं विचारलं, "एवढी चांगली घरं सोडून थे लोकं काऊन गेले?" चौघं हसले. हसण्यात मीही होतो.

संध्याकाळी एका कॅफेत एकीनं मला विचारलं, "तुझ्या भावाची भाषा किती मजेशीर आहे रे! तुलाही येते?"

मला येत होती. मी उठून उभा राहिलो आणि काकांची नक्कल केली. किडकी बोंडं रुमालात बांधून काका बियाण्याच्या दुकानात जातात, रुमाल सोडतात, दुकानदार अळी पाहून खुर्ची मागे सरकवतो. "साहेब, पाहा नं, हे काय होऊन राह्यलं!" टेबलावर हात आपटून हसत होते सगळे. सुरुवातीला भाऊही हसला. मग थांबला.

"पुरं सांग नं," तो शांतपणे म्हणाला. "बाबा रडले व्हते. थे बी सांग."

ती मुलगी माझ्याकडे पाहत होती. आणि मी तेही करून दाखवलं. खांदे हलवून, नाक ओढून.

या वेळी कुणी हसलं नाही.

सकाळी त्याची खाट रिकामी होती. खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं वाटलं. पुढे दोन दिवस मी त्या चौघांबरोबर फिरलो. ते माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलत होते.

पाडव्याला गावी गेलो. काकूनं चहा ठेवला. "समुद्र लय मोठा हाये म्हने," ती म्हणाली. "तू लय जपलं म्हने त्याले. पोराले तब्येतीपायी परत यावं लागलं, नाही तं अजून फिरला असता."

काका ओसरीत बसले होते. त्यांनी मला जवळ बसवून घेतलं, पुण्याचं विचारलं. भाऊ गोठ्यात होता. काकूनं दोनदा हाक मारली. मी चहा संपवेपर्यंत तो बाहेर आला नाही.