वाळवीनं खाल्लेल्या चार ओळी

कॉलेजच्या सभागृहात वाद्यवृंदाच्या तालमी चालल्या होत्या. स्वरलिपीची पानं स्टँडवर लावायचं काम माझ्याकडे होतं. एका विस्मृत रचनाकाराचं मूळ पान मी उजेडात धरलं, तर वाळवीच्या भोकांतून पलीकडची खिडकी दिसली. वादकांच्या प्रतीत मात्र तिथं एकही जागा रिकामी नव्हती.

आमच्या संचालक सरांनी अख्खं आयुष्य असं जुनं संगीत शोधण्यात घालवलंय. मी भीत भीत विचारलं, "सर, या चार ओळी कुठं मिळाल्या?"

ते हसले. "इतकी वर्षं त्या माणसाच्या संगतीत काढली रे. त्यानं काय लिहिलं असेल, ते कळतं."

कळतं म्हणजे काय, हे मला अजून नीट समजलेलं नाही. आमच्या घरात कागदावर आहे ते खरं मानतात. घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच, आणि मलाच कागदाचा संशय यायला लागलाय.

कार्यक्रमाच्या दिवशी निवेदनही माझ्याकडेच होतं. सरांनी लिहून दिलेलं वाक्य मी माइकवर वाचलं, "यातला प्रत्येक स्वर मूळ रचनाकाराचा आहे." थोडा अडखळलो, पण वाचलं.

माझे वडील गावाहून ऐकायला आले होते. एसटी स्टँडकडे चालताना म्हणाले, "मधला त्यो तुकडा लई ग्वाड व्हता, बाळा. जुन्या माणसांचं कामच न्यारं." त्यांनी तो गुणगुणून दाखवला. त्याच चार ओळी होत्या.

त्यांना कसलीच शंका नव्हती, कारण ते वाक्य त्यांनी माझ्या तोंडून ऐकलं होतं.