लोह : निरंक

इंगळे सिस्टरांनी मला सॉफ्टनरला हातच लावू दिला नाही. मी टूलबॅगमधून पाना काढत होते, तेवढ्यात त्या म्हणाल्या, "थांबा. आधी हिस्ट्री घ्या. डॉक्टर आल्या आल्या पोट फाडते का?"

ओट्यावर काचेच्या नऊ बाटल्या ओळीनं मांडल्या होत्या. प्रत्येकीवर चिकटपट्टी, पट्टीवर बॉलपेननं तारीख, वेळ आणि जागा: बोअर, टाकी, किचन. शेजारी एक वही. वहीत तापाच्या चार्टसारखे रकाने आखलेले. 'सकाळी ६, स्वच्छ. ९, पिवळसर. दुपारी २, लालसर. संध्याकाळी, तळाशी गाळ.' असं तीन दिवसांचं.

सिस्टर सरकारी दवाखान्यातून रिटायर झालेल्या. नांदगाव खंडेश्वरच्या बाहेर नव्या लेआउटमध्ये त्यांनी घर बांधलं होतं. प्यायला कॅनचं पाणी यायचं, बाकी सगळं बोअरवर. बोअरचं पाणी जड, म्हणून चार महिन्यांपूर्वी आमच्या अमरावतीच्या दुकानातून त्यांनी सॉफ्टनर घेतला. मी तिथं केमिस्ट. पाणी तपासायचं, रिपोर्ट द्यायचा, मशीन अडलं की साइटवर जायचं.

सॉफ्टनर म्हणजे काय ते सांगते. एका उभ्या टाकीत मोहरीएवढे मधाच्या रंगाचे मणी असतात. त्याला आम्ही रेझिन म्हणतो. पाण्याला जड करणारे क्षार हे मणी धरून ठेवतात. मणी भरले की मिठाच्या पाण्यानं धुवायचे, की पुन्हा कामाला तयार. यापलीकडे सॉफ्टनरला काही येत नाही.

सिस्टरांची कम्प्लेंट तिसऱ्यांदा आली होती. पाणी लाल, बेसिनवर तपकिरी ओघळ, साबणाला फेस नाही. दोनदा आमचा मेकॅनिक येऊन मीठ टाकून गेला होता. फोनवर आमचे मालक प्रमोदभाऊ म्हणाले होते, "मीठ वाढवा." सिस्टरांनी वाढवलं. फरक शून्य.

"माई पोरगी प्रज्ञा अकोल्याले दिलेली हाये," सिस्टर म्हणाल्या. "आठवा लागला. पहिलं बाळंतपण माहेरी करा लागते. तिची सासू म्हणते, लाल पाण्यात बाळाले आंगोळ घालता का? इथंच राहू द्या पोरीले. रविवारी येऊन राहिली पाहाले. पाणी पसंत पडलं तं पोरगी येईन."

मग त्या वहीकडे पाहत म्हणाल्या, "तीस वर्सं लोकायच्या पोरींजवळ बसली मी. आपल्या पोरीजवळ बसाची पाळी आली, तं पाणी आडवं आलं."

त्या दिवशी मंगळवार होता.

निघताना प्रमोदभाऊंनी मला सांगितलं होतं, "बोअरमधला पाइप लोखंडी असंन. गंजला असंन. थो त्यायचा प्रॉब्लेम, आपला नाई." मी तेच मनात धरून आले होते. पण वहीनं ते खोटं ठरवलं. पाइप गंजला असेल तर मोटार सुरू केल्याबरोबर लाल पाणी येतं आणि थोड्या वेळानं साफ होतं. इथं उलट होतं. सिस्टरांनी पंधरा मिनिटं मोटार चालवून बाटली भरली होती. भरताना पाणी काचेसारखं, आणि लाल झालं ते नुसतं ठेवल्यावर.

म्हणजे लोखंड पाइपात नव्हतं. ते पाण्यातच विरघळलेलं होतं. जमिनीच्या पोटात हवा नसते, तोवर ते साखरेसारखं दिसेनासं राहतं. वर आलं, हवा लागली की त्याचा गंज होतो.

मी मोटार लावायला सांगितली. तोटीखाली टेस्टची बाटली भरली, तिथंच उभ्यानं केमिकलचे थेंब टाकले. पाणी गर्द केशरी झालं. लोह भरपूर. मग सॉफ्टनर उघडला, मूठभर रेझिन काढलं. मधाचा रंग कुठंच नव्हता. विटकरीच्या चुऱ्यासारखं दिसत होतं. लोहानं एकेका मण्यावर गंजाचं साल चढवलं होतं. त्यावर कितीही मीठ ओता, आतपर्यंत जाणारच नाही.

सिस्टर घरातून प्लास्टिकची फाइल घेऊन आल्या. मशीन बसवण्याआधीचा आमचाच रिपोर्ट होता. त्यांनी एका ओळीवर बोट ठेवलं. 'लोह : निरंक'. खाली सही माझी.

"मंग हे काहून असं लिहिलं?"

"पाहून सांगते," मी म्हणाले. बडनेऱ्यापर्यंत गाडीवर तेच डोक्यात फिरत होतं. मशीन चुकत नाही, टेस्ट चुकत नाही, मग मी काय केलं?

दुसऱ्या दिवशी लॅब उघडली आणि आधी मागचं कपाट धुंडाळलं. आम्ही सॅम्पलच्या बाटल्या सहा महिने ठेवतो. इंगळे, नांदगाव. सापडली. वरचं पाणी स्वच्छ होतं, तळाशी विटकरी गाळाचा पातळ थर. मी बाटली हलवली. क्षणात सगळी लाल झाली.

रजिस्टर काढलं. बाटली प्लंबरनं भरली होती. त्याच्या गाडीच्या डिक्कीत राहिली, मग दुकानात आली, मग माझ्या टेबलावर. भरल्यापासून पाचव्या दिवशी मी ती तपासली होती. तोवर लोह तळाशी बसलेलं. मी न हलवता वरचं नितळ पाणी घेतलं आणि निरंक लिहून मोकळी झाले. त्या दिवशी चौदा सॅम्पल होती. पण चौदा होती हे काही कारण होत नाही.

बाटली घेऊन मी प्रमोदभाऊंच्या केबिनमध्ये गेले.

"भाऊ, चूक आपली हाये."

"आपली मंजे?"

मी बाटली हलवून टेबलावर ठेवली. सगळं सांगितलं. त्यांनी बाटलीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"हे तिले सांगतलं का तू?"

"नाई अजून."

"मंग सांगतेच काहून? बोअरचं पाणी बदललं म्हण. उन्हाळ्यात बदलतेच. कोणाले समजते?"

"तिले समजते, भाऊ. तिनं तीन दिवस चार्ट ठेवला. अन् नसतं समजलं तरी रिपोर्टवर सही माई हाये. मी दुरुस्त रिपोर्ट लिहून देणार हाव."

प्रमोदभाऊ चिडले. नवीन फिल्टर कोण देईल, रेझिन कोण देईल, मला विचारत राहिले. मी उभीच होते. बसले असते तर त्यांचं ऐकून घेतलं असतं. शेवटी त्यांनी पंखा वाढवला आणि खुर्चीत रेलले.

"त्या लेआउटमधी अजून किती घरं बांधून राहिले लोक?"

"सात-आठ."

"सगळे तिलेच पुसतीन, पाण्याचं काय केलं म्हणून." त्यांनी बाटली माझ्याकडे सरकवली. "फिल्टर घेऊन जा. पण रविवारच्या आत पाहिजे. नाई तं फुकटची मेहनत."

सिस्टरांना फोन केला. घाबरत घाबरत, पण आडवळण न घेता सांगितलं.

"वार्डात चूक लपवणारी पोरगी मले चालत नव्हती," त्या म्हणाल्या. "सांगणारी चालत होती. तिले मी रागवत होती, पण ड्युटीवर ठेवत होती. आता इलाज सांगा."

इलाज साधा होता, फक्त उलटा वाटणारा. पाणी लाल होऊ नये म्हणून धडपडायचं नाही. ते आधीच, गच्चीवरच्या टाकीतच पूर्ण लाल होऊ द्यायचं. हवा लागून लोहाचा गंज झाला की तो गाळता येतो. विरघळलेलं लोह गाळता येत नाही. म्हणून टाकीच्या तोंडाशी भोकं पाडलेला पाइप बसवायचा, पाणी शॉवरसारखं पडू द्यायचं. मग फिल्टर, त्यात वाळू आणि गंज अडवणारा काळसर दाणेदार मीडिया. आणि त्यानंतर सॉफ्टनर.

गुरुवारी रेझिन गंज विरघळवणाऱ्या औषधात भिजत घातलं. शुक्रवारी धुतलं, अर्धं सुधारलं, अर्धं बदललं. शनिवारी सकाळी फिल्टर जोडला, शॉवर सुरू केला. दुपारी टाकीचं झाकण उघडलं तर आत पाणी गेरूसारखं. मी खूश झाले. तेवढ्यात फाटकाशी ऑटो थांबला.

प्रज्ञाच्या सासूबाई. एक दिवस आधीच.

त्या जिन्यानं सरळ गच्चीवर आल्या. टाकीत डोकावल्या आणि कपाळावर हात मारला. "वो माय! म्या म्हटलं पिवळं असंन थोडंसं. हे तं नुसतं गेरू कालवल्यावानी हाये. विहीणबाई, माई सून इथं येत नाई बाप्पा."

मी समजवायला तोंड उघडलं. सिस्टरांनी हातानं मला थांबवलं.

"विहीणबाई, गोवर आला तं आपण काय म्हणतो? आंगावर उमटू द्या म्हणतो ना? आत दबला तं वाईट. तसंच हाये हे. उमटून राहिलं. आता खाली चला."

खाली किचनमध्ये त्यांनी नळ सोडला. पाणी स्वच्छ आलं. सासूबाईंना ते पुरेसं नव्हतं, आणि त्यांचं बरोबरच होतं.

"स्वच्छ तं आधी बी येत होतं. मंग लाल होत होतं. प्रज्ञाच सांगे."

"खरं आहे," मी म्हणाले. मी जडपणाची टेस्ट करून दाखवली. पाणी जड असेल तर गुलाबी होतं, मऊ असेल तर निळं. निळं झालं. लोहाची केली, रंगच आला नाही. सासूबाईंनी दोन्ही नीट पाहिलं आणि मान हलवली.

"तुमचे थेंब तुमाले समजते. मले एक बाटली भरून द्या. मी अकोल्याले नेते. दोन दिवस ठेवते खिडकीत. लाल झालं तं माया फोन येईन, नाई झालं तं सून येईन."

यापेक्षा चांगली टेस्ट मलाही सुचली नसती. सिस्टरांनी बाटली भरली, बूच लावण्याआधी त्यात हवा राहील एवढी जागा ठेवली, चिकटपट्टीवर वेळ लिहिली. चहा झाला. दोघी विहिणी डिंकाच्या लाडवांवर बोलायला लागल्या तेव्हा मी सामान आवरून निघाले.

रविवार मला बरा गेला नाही. टेस्ट मीच केली होती, रंग मीच पाहिला होता. पण निरंक लिहितानाही मीच पाहिला होता ना. सोमवारी दर तासाला फोन पाहत होते. प्रमोदभाऊ दोनदा लॅबच्या दारात येऊन गेले. "आला का?" एवढंच विचारून.

फोन आला नाही. मंगळवारी दुपारी सिस्टरांचा आला.

"बसली गाडीत. जावई आणून सोडून राहिले."

मी प्रमोदभाऊंना सांगितलं. ते म्हणाले, "हं." मग चहा मागवला, सगळ्या स्टाफसाठी.

प्रज्ञाला मुलगी झाली. त्यानंतर पाचव्या आठवड्यात मी सर्व्हिसिंगला गेले तेव्हा दोरीवर दुपटी वाळत होती, पांढरीच. सिस्टर नातीला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. फिल्टर किती दिवसांनी उलटं पाणी सोडून धुवायचा ते मी सांगणार, तर त्यांनीच मला वही दाखवली. दर तिसऱ्या दिवशी, वेळेसकट. त्या लेआउटमधल्या तीन घरांचं काम तोवर आमच्याकडे आलं होतं. तिथली सॅम्पल मी स्वतः जाऊन घेतली.

आता आमच्या फॉर्मवर दोन रकाने वाढले आहेत: सॅम्पल कोणी घेतलं, आणि घेतल्यापासून किती वेळानं तपासलं. "एवढं कोण भरत बसते?" असं प्रमोदभाऊ आधी म्हणाले होते. आता रकाना कोरा दिसला की तेच फॉर्म परत पाठवतात. लोहाची टेस्ट मी तोटीखालीच करते. तिथं जमणार नसेल, तर रिपोर्टवर निरंक लिहीत नाही. तपासलं नाही, असं लिहिते. गिऱ्हाइकाला ते वाचून बरं वाटत नाही, पण मशीन चार महिन्यांनी उघडावं लागत नाही.