लहानीची दीड हात जागा

सापगावच्या बाहेर, नदीकडे उतरणाऱ्या वाटेवर अकरा घरांची वस्ती आहे. त्या अकरा घरांत कोणाच्याच नावावर जमिनीचा तुकडा नाही. तिथल्या लहानी मुकणेला आपली म्हणता येईल अशी जागा होती ती घरापासून चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर दूर, कल्याण स्टेशनाबाहेरच्या एका गल्लीत, औषधांच्या दुकानाच्या बंद शटरपुढे. दीड हात रुंद, आणि तीही सकाळी नऊपर्यंतच. नऊला दुकान उघडले की उठायचे.

या जागेवर लहानी अकरा वर्षे बसली. पावसाच्या सुरुवातीला शेवळं आणि टाकळा या रानभाज्या, पुढे कंटोली, गणपतीत दूर्वा, आघाडा, तेरडा, दसऱ्याला आपटा आणि भाताच्या लोंब्या, उन्हाळ्यात करवंदे. तिचा नवरा बुधू आदल्या दिवशी रानातून माल आणून जुड्या बांधी आणि लहानी पहाटे आसनगावहून चारच्या सुमाराच्या लोकलने, मालाच्या डब्यातून कल्याणला जाई. पाच ते आठ एवढाच खरा बाजार. फुलवाले, भटजी, देवळातले, कामावर निघालेल्या बायका, सगळे त्याच वेळात येतात. आठनंतर जुडी सुकते आणि गिऱ्हाइकाची मानही वळत नाही.

ही जागा मिळण्यापूर्वी दिवाळी झाली की सारे घर पडघ्याकडच्या वीटभट्टीवर जात असे आणि पाऊस तोंडावर आला की परत. मुलगी अंजू भट्टीवरच्याच झोपडीत जन्मली. जागा मिळाली तशी भट्टी सुटली. अंजू एका जागी राहून शिकू लागली, दहावी झाली आणि शहापूरच्या कॉलेजात अकरावीला गेली. त्या वस्तीतून कॉलेजात गेलेली ती पहिली मुलगी. जागा गेली तर पुन्हा भट्टी, आणि भट्टीवर तिन्ही माणसांचे हात लागतात, हे लहानीला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

त्या गल्लीत भाडे नव्हते, पावती नव्हती. बायकांनी आपापसात पाळलेली एक रीत होती. जिला यायला जमणार नाही तिने आपले गोणपाट शेजारणीकडे ठेवून जायचे. शेजारीण रोज ते अंथरते, कोणी विचारले तर ‘येतेय ती’ म्हणते, आणि जागा टिकते. बाळंतपणासाठी, आजारपणासाठी, मयतासाठी सगळ्यांनी हे एकमेकींचे केले होते. लहानीची शेजारीण गोदू. ती कल्याणातच एका चाळीत राहायची आणि चालत यायची. मार्च २०२० मध्ये गाड्या थांबल्या, तेव्हा लहानीचे गोणपाट गोदूकडेच होते.

जूनमध्ये काही गाड्या सुरू झाल्या, पण अत्यावश्यक सेवेतल्या लोकांसाठी. लहानीला वाटले, भाजीपाला अत्यावश्यकच असतो. ती टाकळ्याची पाटी घेऊन आसनगावला गेली. दारातल्या पोलिसाने विचारले, कुठल्या खात्यात? तिने सांगितले, पाल्याच्या. तो हसला आणि ओळखपत्र मागू लागला. तिच्याजवळ काहीच नव्हते. त्या दिवसापासून तिने मतदानाचे कार्ड पिशवीतून कधी काढले नाही. ते प्लास्टिकचे होते, भिजत नसे. आधार कागदाचे, म्हणून ते घरी पत्र्याच्या पेटीत.

त्या वर्षीचा गणपती गेला. एकवीस ऑक्टोबरला बायकांना लोकल खुली झाली, सकाळी अकरा ते दुपारी तीन आणि संध्याकाळी सातनंतर. अंजूने मोबाइलवर वाचून दाखवले. लहानीने तिला ते दोनदा वाचायला लावले. मग गोदूला फोन लावला. गोदू तिकडून म्हणाली, “अकराला येऊन काय करतेस गो, औषधवाल्याकडं गोळ्या इकतेस?”

दोघी हसल्या. 

फेब्रुवारीत मात्र सकाळी सातच्या आत सर्वांना मुभा मिळाली. लहानी पहिल्याच दिवशी गेली. गोदूने गोणपाट झटकून पुढे सरकवले आणि बाकीच्या बायकांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली की मेली जिवंत आहे. अडीच महिने बरे गेले. गुढीपाडव्याला तोरणासाठी आंब्याचे टाळे हातोहात खपले. दोन दिवसांनी पुन्हा सारे बंद.

त्याच महिन्यात शहापूरला लस मिळू लागली. वस्तीत काहीबाही अफवा होत्या. आशाताई आली की पुरुषमाणसे रानात निघून जात. लहानी एकटी उठून गेली. सुई घेतल्याशिवाय गाडी सुरू होणार नाही असे तिच्या मनाने घेतले होते, आणि पुढे ते खरेच ठरले. त्या वेळी तिने आधार नेले आणि नंबर घरच्या मोबाइलचा, म्हणजे अंजूच्या हातात असायचा तो, दिला. दुसरी सुई चौऱ्याऐंशी दिवसांनी, असे तिला पुढे मे महिन्यात सांगण्यात आले. तिने चुलीमागच्या भिंतीवर कोळशाने रेघा ओढल्या.

जुलैत ती मुरबाडकडे बहिणीच्या, बाळीच्या गावी आवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या मजुरीला गेली. दर वर्षी जात असे. आवणीला कोणी कागदपत्रे घेऊन जात नाही. दिवसभर चिखलात वाकायचे, रात्री दुसऱ्याच्या पडवीत ओल्या लुगड्यावर निजायचे. चौऱ्याऐंशी दिवस भरले ते तिथेच. शनिवारी शाळेत लसीची गाडी आली. लहानी तशीच बांधावरून उठली, पंपावर हातपाय धुतले आणि रांगेत उभी राहिली. कार्ड मागितल्यावर तिने मतदानाचे दिले. मोबाइल अंजूकडे, नंबर तिला पाठ नव्हता, म्हणून शेतमालकाचा मुलगा अजय जवळ उभा होता त्याने आपला सांगितला. पहिला की दुसरा, असे विचारले तेव्हा ती दुसरा म्हणाली. नोंद करणाऱ्या मुलाने यंत्रात काहीतरी भरले आणि पुढे व्हायला सांगितले. दंड धरून ती शेतावर परतली आणि अंधार पडेपर्यंत भात लावत होती.

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात जाहीर झाले की दोन डोस घेऊन चौदा दिवस झालेल्यांना पंधरा तारखेपासून लोकलचा पास मिळेल. वस्तीत दोन सुया घेतलेली लहानी एकटी. जे रानात पळाले होते ते आता तिच्याकडे बघू लागले. बुधूने त्याच संध्याकाळी कोयता घासायला काढला. गोदूचा फोन आला, तो मात्र हसण्याचा नव्हता. दीड वर्ष रिकामे गोणपाट राखते म्हणून बाकीच्या बायका तिला टोचून बोलत होत्या. त्यांच्या सुना, भाच्या, काम सुटलेली पोरे, शेजारणी, साऱ्यांना जागा हवी होती.

“हरतालिकेला ये,” गोदू म्हणाली. “गुरुवार हाय. त्या दिशी बसलीस तर माजं तोंड ऱ्हाईल. नाय आलीस तर मग मला बोलू नको.”

लहानी म्हणाली, येते.

आसनगाव स्टेशनाबाहेर टेबल मांडले होते. प्रमाणपत्र आणि आधार तपासून शिक्का मारायचे, मग खिडकीवर पास. टेबलावर शाळेतले एक मास्तर बसवले होते. अंजूने मोबाइल पुढे केला. मास्तरांनी एकदा पाहिले, मग चष्मा वर करून पुन्हा पाहिले. हे पहिल्याचेच आहे, दुसऱ्याचे कुठे आहे, असे ते म्हणाले. दुसरी मुरबाडकडे घेतली, असे लहानीने सांगितले. अजयला फोन करून त्याच्या मोबाइलवर आलेले प्रमाणपत्र मागवून घेतले. तेही पहिल्याचेच निघाले. कार्ड वेगळे, नंबर वेगळा, तेव्हा यंत्राच्या लेखी शहापूरची लहानी एक आणि मुरबाडची लहानी दुसरी.

मास्तर वाईट माणूस नव्हते. ते म्हणाले, “मावशी, तुम्ही दोन्ही वेळेला पहिलाच डोस घेतलाय.”

“दोनदा पयला कसा व्हईल, मास्तर? पयला तर एकदाच आसतो.”

मागच्या रांगेतून कोणीतरी हसले. कोणी म्हणाले, आजी, आमचा टाइम जातोय, बाजूला व्हा. लहानी सत्तेचाळीस वर्षांची होती. ती बाजूला झाली.

मग तीन आठवडे ती त्या एका कागदामागे फिरली. आरोग्य केंद्रात सांगितले, हे आमच्या हातात नाही, वर अर्ज करा. तालुक्याच्या कार्यालयात सांगितले, चूक मुरबाडची आहे, तिकडे जा. मुरबाडला जाणारी एस.टी. सापगावावरूनच जाते. त्या रस्त्याने ती चारदा गेली. मुरबाडच्या आरोग्य केंद्रातल्या बाईंनी चांगल्या शब्दांत सांगितले की इथली नोंद बरोबरच आहे, दाखवलेल्या कार्डावर हा पहिलाच डोस आहे. लहानीने दंड उघडा करून दाखवला, जसा काही तिथे पुरावा राहिला असेल. अंजूने कॉलेजच्या वर्गमित्राकडून तक्रारीचा मेल पाठवला. त्याला उत्तर आले की तुमची तक्रार नोंदवली आहे.

शेवटी आरोग्य केंद्रातल्याच एका ताईने उपाय सांगितला. जुलैचा पहिला धरायचा, त्यापुढे चौऱ्याऐंशी दिवसांनी आणखी एक घ्यायचा. नऊ ऑक्टोबर. त्यानंतर चौदा दिवस. म्हणजे गणपती नाही, दसरा नाही. अंजूने बोटांवर मोजून हे सांगितले, तेव्हा लहानीने तिला एवढेच विचारले की आता घेतलेल्या दोन सुयांतली खोटी कुठली.

वस्तीतल्या बायका म्हणाल्या, विनातिकीट जा. पण डोक्यावर तेरड्याचा भारा घेतलेल्या बाईला पुलावर उभ्या असलेल्या टी.सी.ला चुकवून पळता येत नाही. पकडले तर माल जाणार, आणि वर दंड. दूधवाल्याच्या टेम्पोला बुधूने हात जोडले, पण तो भिवंडीपर्यंतच जात होता. उरली एस.टी. पहिली गाडी शहापुरातून सहाला सुटे. लहानीला ठाऊक होते की सहा म्हणजे उशीर. तरी ती निघाली, कारण हरतालिका होती आणि तिने येते म्हणून सांगितले होते.

कंडक्टरने भाऱ्यांचे वेगळे तिकीट लावले आणि पाणी गळतेय म्हणून कुरकुर केली. महामार्गावर खड्ड्यांमुळे गाड्या अडकून पडल्या होत्या. खिडकीतून दिसणारे ऊन हळूहळू चढत गेले. लहानी सारखी शेजारच्या माणसाला किती वाजले विचारत होती. साडेसातनंतर तिने विचारणे सोडले.

ती गल्लीत पोहोचली तेव्हा साडेआठ होत होते. शटरपुढे एक तरुण पोरगा प्लास्टिकच्या ट्रेवर बसला होता. त्याच्याकडे एकवीस प्रकारची पत्री पिशवीत बांधून तयार होती, वर छापील चिठ्ठी. गिऱ्हाईक दर विचारत नव्हते, पिशवी उचलून पुढे जात होते.

गोदू उठून उभी राहिली. तिचे डोळे लाल होते.

“सात वाजेपर्यंत मी दोन्ही पाय पसरून बसले होते गो,” ती म्हणाली. “बाकीच्या पोलीस बोलावू म्हणाल्या, तरी बसले. मग त्या समद्या माज्यावर आल्या.”

  गोदूने घडी घालून ठेवलेले गोणपाट लहानीच्या हातात दिले. बायकांमध्ये याचा अर्थ एकच असतो, जागा गेली, आणि गल्लीतल्या सगळ्या बायका त्या वेळी आपापल्या जुड्यांवर पाणी शिंपडण्यात गुंतल्या. लहानीने गटाराच्या कडेला उभ्या उभ्या थोडा आघाडा विकला. नऊला औषधवाल्याने शटर वर केले. उरलेला तेरडा तिने गल्लीच्या टोकाच्या देवळाच्या पायरीवर ठेवला आणि बसस्टँडकडे निघाली. भारा परत नेण्याचे वेगळे तिकीट तिला काढायचे नव्हते.

घरी बुधूने तिचे तोंड बघितले आणि कोयता वळचणीला खोचून ठेवला. दुसऱ्या दिवशी वस्तीत गणपतीच्या आरत्या ऐकू येत होत्या, गावातून, लांबून.

नवरात्र लागले तसा मुकादम हनुमान वस्तीत आला. भट्टीवाल्याला यंदा घाई होती, माणसे कमी पडत होती. तो वहीत जोड्या लिहून घेत होता. बुधू म्हणाला, दोन माणसे. हनुमान पेन थांबवून म्हणाला की दोन माणसांना झोपडी मिळत नाही, तीन तरी हवीत, पोरगी काय करते?  कॉलेज चालू आहे असे सांगायला बुधूने तोंड उघडले.

“तीन लिवा,” लहानी आतून म्हणाली.

अंजू दारातच होती. तिने आईकडे बघितले आणि मग वहीकडे, आपले नाव तो कसे लिहितो ते. त्याने ‘अंजली’ लिहिले. तिने दुरुस्त केले नाही.

आठ तारखेच्या संध्याकाळी भांडी घासताना अंजूने आठवण करून दिली, “आये, उद्या तुज्या सुईची तारीख.”

“कशाला? भट्टीवर पास लागत नाय.”

अंजूने हट्ट धरला. पुढे कधी लागेल, गाड्या अजून कितीदा बंद होतील कोणास ठाऊक, घेऊन ठेव. लहानी हंडा उपडा घालून उठली आणि म्हणाली की मला दोन टोचून झाल्यात, तिसरी टोचून घ्यायला तिसरी लहानी आणा. हे ती चिडून बोलली नाही. अंजूला ते चिडून बोललेले आवडले असते.

टेम्पो अठ्ठावीस ऑक्टोबरला आला, गुरुवारी. त्याच दिवसापासून लोकलच्या सगळ्या फेऱ्या पूर्वीसारख्या सुरू होत असल्याची बातमी होती. हनुमानाने ती मोबाइलवर मोठ्याने वाचली, भट्टीच्या मालकाला कल्याणला जायला बरे पडेल म्हणून. लहानी वर चढून सामान लावत होती, दोन पातेली, तांदळाचे बोचके, कोंबड्यांची डालगी. बुधूने दाराला कडी घालून तारेने बांधली. बारावीच्या परीक्षेचा फॉर्म भरायची मुदत अजून काही दिवस होती. अंजूने तो फॉर्म कोरा ठेवून पुस्तकांच्या पिशवीत घातला होता आणि पिशवी शेजारच्या अनिताकडे दिली होती, पावसात भिजू नये म्हणून. पाऊस संपला होता, हे दोघींनाही माहीत होते.

टेम्पो हलला तेव्हा अनिताने विचारले, कधी येणार. लहानीने पावसाळ्यात म्हणून सांगितले.