गजांतून दिलेली छत्री

आमचे मामा बँकेचे रखवालदार होते. एका संध्याकाळी बँक बंद झाल्यावर कुणीतरी दार ठोठावलं. "काका, माझी छत्री आत राहिली." छत्री खरंच राहिली होती, मामांनीच ती उचलून खिडकीपाशी जपून ठेवली होती. त्यांनी दार उघडलं आणि दरोडेखोर आत घुसले. गोळी लागून कॅशियर जागीच गेला. मामांची नोकरी गेली, आणि हळूहळू त्यांचं बोलणंच आटलं.

कित्येक वर्षांनी त्या दरोड्यावर सिनेमा काढायला काही मंडळी आली. खिशात दमडी नाही आणि हौस दांडगी! नट परवडेना, म्हणून रखवालदाराच्या कामासाठी त्यांनी मामांनाच धरलं. मी तणतणले, "जखमेवर मीठ चोळून घ्यायला निघालात?" मामा गुपचूप इस्त्रीचा शर्ट घालून निघाले. मग मीही मागोमाग गेले.

शूटिंग सुरू झालं. दार वाजलं. "काका, माझी छत्री आत राहिली."

मामांनी खिडकी उघडली आणि छत्री गजांतून बाहेर दिली. "ही घ्या. दार उघडणार नाही."

"अहो, दार उघडा! गोष्टीत तसंच आहे," दिग्दर्शक ओरडला. पुन्हा दार वाजलं, पुन्हा छत्री गजांतूनच गेली. शेवटी तो माझ्यावर खेकसला, "सांगा ना त्यांना!"



मामा तोवर कॅशियरचं काम करणाऱ्या पोरापाशी गेले होते. त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "ऊठ बाळा, घरी जा. घरचे वाट बघत असतील."