खंडेनवमीची फुलं आणि पाणबुडी

माझे वडील आमच्या कानडी संस्थानच्या महाराजांच्या रिसाल्यात स्वार होते. आमच्या लष्कर मोहल्ल्यातल्या निम्म्या घरांनी समुद्र चित्रातसुद्धा पाहिला नव्हता. पण पाणबुडी म्हणजे काय हे मला शाळेत जायच्या आधीपासून ठाऊक! पहिल्या महायुद्धात वडील घोड्यांसकट परदेशी गेले होते. परत आल्यावर दर दसऱ्याला त्यांच्या तोंडून मनवारीची गोष्ट ऐकल्याशिवाय आमच्याकडे सण पुरा होत नसे. मनवार म्हणजे लढाऊ जहाज. हा शब्द उच्चारताना ते ताठ बसत.

गोष्ट अशी. इजिप्तच्या बंदरातून त्यांची तुकडी घोड्यांसह एका मालवाहू जहाजावर चढली. राखणीला सोबत गोऱ्यांची एक छोटी मनवार. वाटेत खंडेनवमी आली. आमच्या लोकांत त्या दिवशी तलवारीइतकाच मान घोड्याचा. वडिलांनी बंदरात घेतलेली पिवळी फुलं घोडीला वाहिली, कुंकू लावलं, आणि निर्माल्य पायदळी येऊ नये म्हणून संध्याकाळी सगळं समुद्रात सोडून दिलं. घरी आपण नदीत सोडतोच की! पण जहाजावरून साधी काडीही पाण्यात टाकायला बंदी होती. तरंगणाऱ्या वस्तूंचा माग काढत शत्रूची पाणबुडी येते म्हणे. एका खलाशानं ते पाहिलं आणि कपाळावर हात मारून घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाण्यावर पाणबुडीची नळी डोकावताना दिसली. फुलांमुळे आली की आपसूक आली, देव जाणे. भोंगा वाजला, सगळ्यांनी जहाजाच्या तळातून वर यावं असा हुकूम सुटला. आणि ती टीचभर मनवार! पळायचं सोडून ती गर्रकन वळली आणि थेट त्या नळीवरच धावून गेली. पाण्यात स्फोटाची पिंपं टाकून तिनं समुद्र ढवळून काढला. पाणबुडीनं जी बुडी मारली, ती पुन्हा दिसली नाही. सांगताना वडिलांचे डोळे चमकत. मनवार दर वर्षी थोडी मोठी होई, लाटा थोड्या उंच होत, आणि आम्ही भावंडं आपसांत हसायचो. तरी मला ती मनवार फार आवडे. परक्या माणसांसाठी, परक्या घोड्यांसाठी जिवावर उदार झालेली माणसं तिच्यात होती.

मी मोठी झाल्यावर एका दसऱ्याला आईनं मध्येच विचारलं, “अय्यो, एवढं सगळं बघायला तुमी उभे कुठं होता?”

वडील गडबडले. “मी कुठं बघितलं? मी सुम्ने, गपचीप खाली घोडीजवळ बसून होतो. वरचं सगळं मागून लोकांनी सांगितलं. मी निस्ते धडाके ऐकले.”

“वर यायचा हुकूम होता की!”

“फुलं मी सोडलेली. पाणी आत आलं असतं तर? त्या मुक्या जनावराला बांधून ठेवून मी वर कसा जाऊ?”

मला त्यांचा फार अभिमान वाटला. इतकी वर्षं मनवारीचे गोडवे गाणाऱ्या या माणसानं स्वतःबद्दल अवाक्षर काढलं नव्हतं. आईला मात्र राग आला होता. त्या वेळी ती लहानग्या मला घेऊन याच घरात एकटी दिवस काढत होती.

“आन् आमी?” तिनं विचारलं. “आमची आठवण नाही आली?”

वडील खाली बघत म्हणाले, “तुमची आठवण काढली असती तर वर पळालो असतो. म्हणून काढली नाही.”