घासून गेलेला नंबर

डेन्झिल नानकार्व्हिसचं नाव आपल्या घरात काढायचं नाही, असं आईने बजावलंय. मी काढणार. बाबांनी त्याला माफ केलं, तो बाबांचा प्रश्न. मी केलेलं नाही.

माझे बाबा क्लेम ट्रेव्हॉरो. जन्मभर दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या आमच्या वॉलरूच्या धक्क्यावर गव्हाच्या कोठारांची यंत्रं सांभाळली. विशीत असताना त्यांनी एका शेतकऱ्याकडून एरियल मोटरसायकल घेतली होती, अडतीस सालची, आणि तिच्यावरून आईला सगळा किनारा हिंडवला होता. मग कधीतरी इंजिन जाम झालं. तोवर आम्ही मुलं झालो होतो, घर बांधायचं होतं, म्हणून गाडी शेडमध्ये गोणपाटाखाली गेली आणि इंजिन सुटं होऊन बिस्किटांच्या डब्यांत. तिथेच राहिलं.

ते बाहेर निघालं बाबांच्या डोळ्यांमुळे. नजरेच्या मधोमध काळा डाग येत होता. डॉक्टरीण भली बाई, तिने लपवलं नाही. म्हणाली, सध्या चालवताय तर चालवा, पण पुढच्या तपासणीला बहुतेक लायसन्स जाईल. बाबा घरी आले, चहा प्यायले आणि शेडमधून डबे आणून स्वयंपाकघरातल्या टेबलावर ओतले. लायसन्स हातात आहे तोवर एरियल चालवत शेजारच्या मूंटा बेच्या धक्क्यापर्यंत जायचं, एवढंच त्यांच्या मनात होतं.

आमच्या गावात इंजिन बांधणाऱ्याचं घर वासावरून ओळखावं. पास्टीच्या, म्हणजे मांस-बटाटा भरून भाजलेल्या करंजीच्या वासात ग्रीसचा वास मिसळलेला असतो. चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाच्या खालच्या ॲल्युमिनियमच्या पेटीत, बेअरिंग बसवायचं तर पेटी ओव्हनमध्ये तापवायची आणि बेअरिंग फ्रीझरमध्ये गारठवायचं. मग ते हलकेच आपणहून आत उतरतं. आईची शनिवारची पास्टी त्यापायी दोनदा खोळंबली. ती म्हणायची, माझ्याशी लग्न केलंस की त्या पेटीशी? बाबा म्हणायचे, पेटी कुरकुर करत नाही. बारीक दिसत नव्हतं, तिथे बाबा बोटांवर काम करत. पिस्टनच्या रिंगची फट नखाने चाचपायचे आणि मापाच्या पत्तीने मोजून खात्री करायला मला बसवायचे. मी शाळेची बस चालवते, दुपारची मोकळी असते. बहुतेक वेळा त्यांचं नख बरोबर निघायचं.

आणि इथे हा डेन्झिल आला. बाबांचा शाळेपासूनचा दोस्त, आणि आमच्या जुन्या गाड्यांच्या क्लबचा तपासनीस. त्याची सही झाल्याशिवाय जुन्या गाडीला नंबरप्लेट मिळत नाही, आणि प्लेट नाही तर रस्ता नाही. जोडायच्या आधी चेंबरची दोन्ही अर्धी त्याने कौतुकाने उचलून नेली. बफ मारून आणतो म्हणाला, तोंड दिसेल असं चकाकेल. चकाकीचं या माणसाला भारी वेड. क्लबच्या मेळाव्यात त्याच्या गाडीला चकाकीचं बक्षीस मिळतं, म्हणून तो गाडी रस्त्यावर काढतच नाही, ट्रेलरवरून आणतो. असला मोटरसायकलवाला.

चार दिवसांनी आरशासारखी अर्धी परत आली. बाबांनी डावं अर्ध हातात घेतलं आणि सिलिंडर बसतो त्याच्या खालच्या जागेवरून अंगठा फिरवला. परत फिरवला. तिथे कारखान्याने ठोकलेला इंजिनाचा नंबर असतो. तो नव्हता. डेन्झिलच्या बफने तो साफ खाऊन टाकला होता. डेन्झिल हसला. म्हणाला, त्यात काय एवढं, आकड्यांचे ठसे घे आणि ठोक परत, कोणाला कळतंय. बाबा म्हणाले, मी ठोकला तर तो खोटा नंबर. तू तपासायला येशील तेव्हा काय झालं ते खरं सांग म्हणजे झालं. डेन्झिलने मान डोलावली. मी तिथेच उभी होते, माझ्या डोळ्यांदेखत डोलावली.

इंजिन बांधून झालं. पहिल्या किकला खोकलं, चौथीला लागलं, आणि आई अंगणात हात पुसत उभी राहून रडली. क्लबचे दोन नवे मेंबर घेऊन डेन्झिल तपासायला आला. बॅटरी लावून चेंबर बघितलं आणि त्या दोघांदेखत म्हणाला, "क्लेम, नंबर नाही रे यावर. माझ्याकडे बफला आलं तेव्हाही नव्हता."

चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच. तपासनिसानेच नंबर घासला हे कळलं तर सहीचा अधिकार जाईल, म्हणून शाळेपासूनचा दोस्त चोर ठरला तरी चालेल. ज्या इंजिनावर नंबर नाही ते चोरीचं, असंच लोक धरतात. आठवडाभरात बेकरीत कुजबुज सुरू झाली. ज्या माणसाने कोठारातला गव्हाचा दाणा कधी खिशात घातला नाही, त्याच्याबद्दल. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी डेन्झिलच्या दारात जाऊन बोंब मारणार होते, तर बाबाच आडवे आले. म्हणाले, तो सांगेल, थोडा वेळ दे. वेळ! त्यांच्याकडेच तर तो नव्हता.

क्लबच्या बैठकीला मी बाबांना धरून नेलं. अध्यक्षाने विचारलं, डेन्झिलने तेच पाठ केलेलं सांगितलं. चहाच्या टेबलामागे त्याची बायको वाल्माय कप मांडत होती. कप मांडता मांडताच ती बोलली.

"डेन्झिल, नंबर होता. तू मला हाक मारून दाखवलास. म्हणालास, बघ वाल, याच गाडीवर क्लेमने मला तुझ्या घरी आणून सोडलं होतं, तुला मागणी घालायला."

डेन्झिलने मान खाली घातली. वाल्मायने कपात चहा ओतायला सुरुवात केली. त्या बाईला त्याच घरी परत जायचं होतं. तिच्याबद्दल मी कधी वाकडा शब्द काढणार नाही.

डेन्झिलचा सहीचा अधिकार गेला. पण खरं बाहेर आलं म्हणून घासलेला आकडा काही उगवत नाही. मग अर्ज, ॲडलेडला तपासणी, नव्या नंबरची मंजुरी. रीतसर होतं, कोणी मुद्दाम अडवलं नाही, पण अख्खा हिवाळा गेला. प्लेट आली तेव्हा बाबांची डोळ्यांची तपासणी होऊन गेली होती. लायसन्स त्यांनी स्वतःच जाऊन लायसन्स ऑफिसच्या काउंटरवर ठेवलं आणि तिथल्या बाईला थँक यू म्हणाले.

डेन्झिल आला तो त्यानंतर. दारातच उभा राहिला. चुकलो म्हणाला, घाबरलो म्हणाला. बाबा म्हणाले, ठीक आहे डेन्झ, माफ केलं, आत ये, चहा घे. मी चहा केला नाही. आईने केला आणि कप त्याच्यासमोर असा आपटला की अर्धा बशीत सांडला.

पुढच्या रविवारी आम्ही एरियल बाहेर काढली. किक बाबांनीच मारली, मारताना मला लांब उभं केलं. हँडल माझ्या हातात. रस्ताभर ते कानाशी सांगत होते, आता गिअर बदल, आता सोड, ऐक कशी मोकळी झाली. इंजिन उत्तम चाललं. धक्क्यावर पाण्याकडे तोंड करून ते बराच वेळ उभे होते. कडेकडेचं दिसतं म्हणाले, मधलं नाही.

गावातले लोक मला समजावतात. जाऊ दे ना टॅमी, सोड तो राग, शेवटी बसला ना तुझा बाप त्या गाडीवर. बसला. माझ्या मागे, माझं जाकीट घट्ट धरून बसला.