बरोबर वेळेचा भाव

घड्याळजी कुणाचंही घड्याळ उघडण्याआधी गिऱ्हाइकाच्या हातात एक चिठ्ठी ठेवतात. बिघाड काय, खर्च किती. आत हात घातल्यावर खर्च वाढला, तर तो त्यांच्या पदरचा. "आधी आकडा, मग स्क्रू," हा त्यांचा चाळीस वर्षांचा शिरस्ता.

दुरुस्त झालेलं प्रत्येक घड्याळ ते टेलिफोनवरच्या वेळेशी ताडून पाहत. नंबर फिरवला की पलीकडची बाई सेकंदासकट वेळ सांगायची. घड्याळजी रिसीव्हर मानेत अडकवून पाच-पाच मिनिटं तिच्या आवाजावर सेकंदकाटा ठेवत.

"माझं कधी एवढं ऐकून घेतलंत?" बायको विचारायची.

"तू सेकंद कुठे सांगतेस?"

मग एक दिवस बिल आलं, नेहमीच्या दहापट. बायकोने ते चष्मा पुसून पुन्हा वाचलं. "घ्या! तुमच्या त्या बाईने चांगलंच लुबाडलंय तुम्हाला."

वेळ सांगण्याचं काम दुसऱ्या कंपनीकडे गेलं होतं. नंबर तोच, आवाजही तोच. दर मात्र साध्या कॉलच्या बारापट. आठवड्यात पैसे भरा, नाहीतर फोन तोडू, असं बिलावर लिहिलेलं होतं. तो दर मात्र त्यांना कुणी कळवला नव्हता.

घड्याळजी टेलिफोन ऑफिसात गेले.

"दरपत्रकात आहे ना, काका," खिडकीवरची बाई म्हणाली.

"कुठंय ते दरपत्रक?"

"आत. साहेबांच्या कपाटात."

"म्हणजे किती वाजले विचारायच्या आधी मी साहेबांचं कपाट उघडायचं?"

रांग हसली. घड्याळजी मात्र गंभीर होते. "तुम्हीच लावा नंबर. त्यात भाव सांगितला, तर आत्ता सगळे पैसे भरतो."

तिने स्पीकर सुरू करून नंबर लावला. दहा वाजून अठरा मिनिटं, तीस सेकंद. दहा वाजून अठरा मिनिटं, चाळीस सेकंद. सगळी रांग कान देऊन ऐकत होती. भावाचा शब्द काही येईना. तीन मिनिटं झाली आणि आतून साहेब धावत आले.

"अरे, कुणी लावलंय हे? बंद करा! मिनिटाला किती पडतात कल्पना आहे का?"

"नाही, सर," बाई म्हणाली. "फोनवरच्या बाईने सांगितलंच नाही."

घड्याळजींनी बिल पुढे सरकवलं. "तुमच्या फोनसाठी तुम्ही धावत आलात. माझ्या फोनसाठी कुणी यायचं?"

साहेबांनी बिल पाहिलं, रांग पाहिली आणि बिल साध्या दराने करून द्यायला सांगितलं.

"आभारी आहे," घड्याळजी म्हणाले. "तुमचं भिंतीवरचं घड्याळ चार मिनिटं मागे आहे. आकडा सांगू?"

महिन्याभरात त्या नंबरवर सुरुवातीलाच दर सांगू लागले. तेवढं ऐकायला पैसे पडत नाहीत, आणि ती सूचना बरोबर अकरा सेकंदांची आहे. घड्याळजी हल्ली स्टॉपवॉच तिच्यावरच तपासतात आणि बाई वेळ सांगू लागायच्या आत फोन ठेवून देतात.